रेखाची पहिली निवड

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मला सोडायला सगळे आले होते. आमच्या फुटबॉल संघातली रेखा तेवढी मैदानावरून थेट आली होती, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेली. माझ्या लग्नाला आठवडा झाला होता आणि मुंबईहून कुवेतचं विमान होतं. आई म्हणत होती, "पळापळ पुष्कळ झाली, आता संसाराचं बघ." रेखाने आईकडे पाहिलंही नाही. "स्पर्धा निम्मी राहिलीय. डावीकडं कोण खेळणार?" एवढंच तिने विचारलं. मिळेल कुणीतरी, असं मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.

त्यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. लग्न ठरलं, नवरा इकडे तेलाच्या कंपनीत होता, मी आले. जे तिकडे राहिले त्यांना वाटतं आम्ही मजेत आहोत, आणि आम्हा गेलेल्यांना वाटतं मजा तिकडेच राहिली. दोघांनीही हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

कुवेतच्या अब्बासिया भागात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली बकाला, म्हणजे आपलं किराण्याचं दुकान, आणि समोर कंपन्यांच्या बसेसची रांग. मी इथल्या एका भारतीय शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मे ते सप्टेंबर बाहेर उभंही राहवत नाही, त्यामुळे खेळाचा तास बंद हॉलमध्ये होतो. तरी मी माझ्या मुलीला, सईला, फुटबॉल शिकवला. जवळच्या फरवानियात जाळी लावलेलं एक कृत्रिम गवताचं मैदान तासावर मिळतं. तिथे ती केरळच्या मुलींबरोबर खेळून मोठी झाली. ती डाव्या पायाची आहे, माझ्यासारखी. मराठी समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची.

रेखाने लग्न केलं नाही. ती मैदानावरच राहिली. आधी मुलींना शिकवलं, मग पंच झाली, आणि महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा कोल्हापूरच्या क्लबने तिला प्रशिक्षक नेमलं. पेपरात तिचा फोटो आला. आईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आपली रेखा." मी अंगठा पाठवला. दिवसभर शाळेत मुलींवर ओरडत होते. आमच्या दोघींत मी चांगली खेळायचे. हे मी म्हणत नाही, मैदानावरचे सगळे म्हणायचे.

या वर्षी सईने त्या लीगच्या ड्राफ्टसाठी नाव दिलं. ड्राफ्ट म्हणजे सगळ्या क्लबांनी आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा. गेल्या हंगामात जो तळाला, त्याची निवड सगळ्यात आधी. कोल्हापूर तळाला होतं, म्हणून पहिली निवड रेखाची. शुक्रवारी दुपारी आम्ही टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलो. सई तिच्या खोलीत दार लावून बसली.

पहिल्या निवडीचं एक साधं गणित असतं. जी खेळाडू पुढच्या फेरीत हमखास उरणार नाही, ती आधी उचलायची. मणिपूरची एक आघाडीची मुलगी होती, गेल्या हंगामात सर्वांत जास्त गोल तिचे. रेखाने घेतली गडहिंग्लजची एक उजवी बचावपटू. लग्न झालेली, एक मूल असलेली, वळायला जड. ती चौथ्या फेरीतही मिळाली असती. मणिपूरची मुलगी पुढच्याच मिनिटाला पुण्याने नेली. दुसऱ्या फेरीत रेखाने गोलरक्षक घेतली, हात चांगले पण उंची कमी. तिसऱ्या फेरीत इचलकरंजीची मधल्या फळीतली मुलगी, पायात कसब आहे पण दम नाही. चौथी, पाचवी तशाच. डावी बाजू सबंध मोकळी, आणि डाव्या पायाची मुलगी एकही नाही.

मी नवऱ्याला एकेक चूक समजावून सांगत होते. तो म्हणाला, "तू तिथे असतीस तर बरं झालं असतं." गमतीने म्हणाला. मला गंमत वाटली नाही. एवढा मोठा अधिकार हातात आणि ही बाई तो उधळते आहे, असं माझ्या मनात चाललं होतं. खरं सांगायचं तर, ती चुकते आहे याचा मला आनंद होत होता. पण सई अजून राहिली होती, आणि निवडीची एकच फेरी उरली होती. इतर क्लबांच्या डाव्या जागा भरल्या होत्या. आता घेतली तर रेखाच घेणार.

शेवटच्या फेरीआधी चहाची सुट्टी झाली आणि माझा फोन वाजला. रेखाच होती. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'येतो, जातो' असंच बोलतात, ती अजून तशीच बोलते.

"पोरगी यायला तयार हाय, ते मला ठाव हाय. मी तुझं विचारतोय."

मी म्हटलं, आधी मला सांग, पहिली निवड त्या गडहिंग्लजच्या बाईवर का घालवलीस? ती नंतरही मिळाली असती.

"आन् दुसऱ्या कुणी नेली असती तर? तिच्या सासूला मी तीनदा भेटून आलोय. सासू म्हणाली, पोरगं मी सांभाळते, हिला खेळू दे. असलं घर मला अख्ख्या जिल्ह्यात दुसरं गावलं न्हाई." मग म्हणाली, "चांगले पाय मी लई बघितले, शैले. तुझ्यापेक्षा चांगले कुणाचेच न्हवते. तू निम्म्या स्पर्धेतनं गेलीस. तवापास्नं मी आधी घर बघतो, मग पाय."

पाच फेऱ्या मी जिला चूक म्हणत होते ती तिची रीत होती, आणि ती रीत तिला माझ्यामुळे सुचली होती.

"आता सांग," ती म्हणाली. "दोन महिन्यांनी ही रडायला लागणार. सगळ्याच रडतात. तवा तू परतीचं तिकीट काढणार का?"

"नाही काढणार."

"बघ हं. माझी शेवटची जागा हाय."

"नाही काढणार म्हटलं ना."

तिने फोन ठेवला. दहा मिनिटांनी पडद्यावर सईचं नाव आलं, पुढे गाव म्हणून कुवेत. खोलीचं दार उघडलं, सई धावत आली आणि आधी बाबांच्या गळ्यात पडली.

ती आता रेखाच्या घरी वरच्या खोलीत राहते. मी जिथे खेळायचे त्याच जागी खेळते. रेखाला मावशी म्हणते, रंकाळ्यावर फिरायला जाते, मिसळ खाते. परवा फोनवर "मी नंतर फोन करतो" असं म्हणाली. सतरा-अठरा वर्षं मी मराठीसाठी हिच्या मागे लागले, आणि रेखाने काही न करता ते साधलं. मला दोघींचा हेवा वाटतो. रेखाचा जुना आहे, त्याची सवय आहे. पोटच्या मुलीचा वाटेल असं वाटलं नव्हतं. ती सकाळी ज्या मैदानावर जाते तिथे जायला मला दोन वर्षांतून एकदा रजा मिळते.

गडहिंग्लजची ती बाई एकही सराव चुकवत नाही, आणि क्लब आता तळाला नाही. पुण्याने नेलेली मणिपूरची मुलगी घरच्या कारणाने मध्येच परत गेली. तरीही पहिल्या निवडीबद्दल माझं मत मी बदललेलं नाही. चौथ्या फेरीत घ्यायला हवी होती.

गेल्या शुक्रवारी सईचा फोन आला. ती हमसून रडत होती. पाय दुखतो, जेवण जात नाही, सगळ्या मुली एकमेकींना लहानपणापासून ओळखतात, आय वॉन्ट टू कम होम. नवरा शेजारी बसून लॅपटॉपवर विमानं बघायला लागला होता. मी लॅपटॉप मिटला. सईला म्हटलं, पायाला बर्फ लाव, खाली जा, मावशीला सांग आणि जेवून घे. ती म्हणाली, "यू डोन्ट केअर." मी म्हटलं, उद्या सराव किती वाजता आहे? तिने फोन ठेवला.

मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. एकाच टॉवेलची चारदा घडी घातली. तासाभराने रेखाचा मेसेज आला. एकच शब्द होता. "जेवली."

घर म्हणजे काय यावर आम्ही परदेशातले लोक मंडळाच्या कार्यक्रमांत फार बोलतो. मला आता एवढंच कळतं की पोर जेवली की नाही हे जिथे आधी कळतं ते तिचं घर. सध्या ते रेखाचं आहे. तो मेसेज मी कितीतरी वेळ बघत होते, आणि त्या एका शब्दासाठी मला तिचा जेवढा राग आला तेवढा त्या पेपरातल्या फोटोचाही आला नव्हता. मग मी उत्तर लिहिलं, "पायाला बर्फ लावला का?"

"लावला," तिने लिहिलं. "झोप आता."