अंड्यावरची कोंबडी

सुनेची कोंबडी आज अंड्यावर खुडूक बसली. तिची कुरकुर ऐकून डोस्कं भडकलं. माझं माझ्यावरच.

इंग्रजाच्या राज्यात नवेगावच्या तलावावर साहेब शिकारीले आला अन् जंगलगार्ड आमच्या दारात फुकट कोंबडी मागाले उभा राहिला. घरात बायकोची अंड्यावर बसलेली कोंबडी अन् माझा झुंजीचा कोंबडा, दोनच.

“कोंबडा द्या जी,” बायको म्हणाली. “अंड्यावरून काऊन उठवून राहिले तिले?”

“तू गप राय,” म्हणालो अन् कोंबडी मीच उचलून देली.

बायको भांडली नाही. ऊन ऊन अंडी ओच्यात घेऊन दिवसभर चुलीपाशी बसली. मी हरामखोर, अंगणात कोंबड्याले दाणे टाकत होतो.

मरेपर्यंत तिनं त्या कोंबडीचं नाव कधी काढलं नाही. काढाले पाहिजे होतं. आता शिव्या कोणाच्या खाऊ?