पापणी ओढायची नाही

माझी मावशी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. बाळाचे डोळे बघायची तिची पद्धत ठरलेली. पापणी बोटाने ओढायची नाही. दिवा मालवायचा, बाळाला छातीशी उभं धरायचं आणि थांबायचं. बाळ आपणहून डोळे उघडतं. नाही उघडले तर ती त्याच दिवशी आईबापांना सांगून मोकळी होते.

मग ताईला मुलगा झाला, मावशीच्याच वॉर्डात. मावशीने दिवा मालवला, बाळ उभं धरलं, दिवा लावला आणि म्हणाली, छान आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मला खटकलंच, ती कुणालाच तीनदा तपासत नाही. आणि बाळाची उजवी पापणी तर वर जातच नव्हती. ताईच्या सासूबाई हसून म्हणायच्या, कुंभकर्ण आलाय आमच्याकडे, उठेल सावकाश.

मी मावशीला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं. तिने मान खाली घातली. लहानपणी तिची डावी पापणी अशीच पडलेली होती, घरात तिला झोपाळू म्हणायचे, मोठी झाली की उघडेल म्हणून कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही. नोकरी लागल्यावर तिने स्वतःच ऑपरेशन करून घेतलं. एवढं आम्हाला माहीत होतं.

"आता सासरचे म्हणतील, माहेरचं आलं. ताईला ऐकून घ्यावं लागेल माझ्यापायी."

"आणि बाळाला काय लागेल?" मी म्हटलं.

ती तडक खोलीत गेली, ताईच्या पलंगावर बसली. सासूबाईही तिथेच होत्या. मावशीने स्वतःच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"बोटं धर गं समोर. किती ते सांगते."

ताईने तीन धरली. मावशी म्हणाली, दोन. मग म्हणाली, चार. मग तळहात काढला.

"पापणी वर आली, पण तोवर डोळा बघायला शिकलाच नव्हता. याचं तसं नको."

सासूबाईंनीच आधी विचारलं, डॉक्टर किती वाजता येतात.

डॉक्टर म्हणाले, पापणी बुबुळावरच आहे, थांबून चालणार नाही. काही महिन्यांत ऑपरेशन झालं. आता तो दोन्ही डोळ्यांनी माझा चष्मा हेरतो आणि ओढतो. झोपला तरी उजवी पापणी किंचित उघडीच राहते, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. डोळा कोरडा पडू नये म्हणून रोज त्यात औषध घालावं लागतं, ते सासूबाई घालतात.

म्हणतात, कुंभकर्ण गेला, पहारेकरी आला.