रिकाम्या खुर्चीची नोंद

झाशीहून मऊरानीपूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात देविका लॅब टेक्निशियन होती. ग्रंथालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या रमाकांतकाकांनी तिला ही नोकरी लावून दिली होती. अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणारी ही दोनच माणसं. ती हिंदीत अडखळली की काका शब्द पुरवत.

डिसेंबरात संचालक श्यामसुंदरजींनी तिला बोलावलं. "लायब्ररी वाले बाबू कुर्सी पर मिलते नहीं, ऐसी शिकायत है. कुछ ऐसा लगाओ कि मुझे यहीं बैठे दिख जाए."

देविकाला कामाचा हुरूपच आला. तिने काउंटरखाली अंतर मोजणारा सेन्सर बसवला.

"काय लावतेस गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका, कॉम्प्युटरची वायर."

काकांनी तिच्यासाठी टॉर्च धरला.

सेन्सर आवाजाची लहर सोडी, ती समोरच्या माणसावर आपटून परत आली की अंतर काढी. सीरियल पोर्टमधून कॉम्प्युटरमध्ये येणारा तो आकडा तिचा पायथॉन प्रोग्रॅम दर सेकंदाला वाची आणि वेळेसकट फाइलमध्ये लिही. बेचाळीस, एक्केचाळीस सेंटिमीटर: माणूस बसलाय. लहर परतलीच नाही तर शून्य येई. शून्याला काय समजायचं? तिने लिहिलं, खुर्ची रिकामी. स्वतः बसून पाहिलं, आकडे बरोबर येत होते.

जानेवारीत सगळ्या स्टाफसमोर श्यामसुंदरजींनी ती फाइल वाचली. "नौ तारीख, तीन घंटे चालीस मिनट खाली. दस तारीख, चार घंटे."

काका उभे राहिले. "सर, मैं तो वहीं बैठा था."

"तो मशीन झूठी है? पूछिए इनसे, आप ही के यहाँ की हैं."

देविका काकांकडे न बघता म्हणाली, "डेटा सही है, सर."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबूजी बैठे-बैठे ग़ायब हो जाते हैं." सगळे हसले. काकांची सव्वीस वर्षांची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

त्यांच्या जागी ईशा नावाची मुलगी आली. एका सकाळी देविका तिच्या शेजारी उभी राहून स्क्रीन बघत होती. थंडी वाजली म्हणून ईशाने जाड लोकरी शाल मांडीवर ओढली. बेचाळीस, बेचाळीस, शून्य, शून्य. शाल काढली, पुन्हा बेचाळीस. लोकर आवाज गिळत होती. आणि काका तर गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जानेवारीच्या थंडीत रोज मांडीवर कांबळं घेऊन बसत.

ती धावत संचालकांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"देविकाजी, एक आदमी कम करना ही था. हो गया. अब दस कुर्सियों पर और लगाइए."

दुपारी ती काकांच्या घरी गेली. अनुसूयाकाकूंनी चहा ठेवला. देविकाने सांगून टाकलं.

"म्हणजे मी जागेवरच होतो," काका म्हणाले.

"नाही काका."

"हिने मला डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, आपण उठून जात असू, मग आठवत नसेल. माफीचं पत्र लिहून दिलं मी संचालकांना. श्यामसुंदरवर माझा विश्वास कधीच नव्हता गं. तू म्हणालीस म्हणून खरं मानलं."

देविका रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "हे लिहून देशील?"

"काका, मला काढतील."

"मग मला सांगायला कशाला आलीस? मी म्हातारा झालो, असं मनाला समजावलं होतं. तेवढंही ठेवलं नाहीस."

काकूंनी दार उघडून धरलं. "जा बाळ," त्या म्हणाल्या, "नोकरी सांभाळ."

तिने सांभाळली. मार्चपर्यंत दहाही सेन्सर बसले. ती व्हरांड्यातून जाऊ लागली की माणसं बोलणं थांबवून खुर्चीत ताठ बसत.