ताठ मानेचे साडू

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यांचं आणि समोरच्या सलूनवाल्याचं हाडवैर एकोणीस वर्षांचं. दोघे सख्खे साडू. समोरचा एकदा चारचौघांत यांना म्हणाला होता, "तुझा हात जड आहे." एवढंच कारण. इतक्या बारक्या बीजाचं एवढं डेरेदार वैर करायचं, तर निगाही तशीच लागते, आणि आमचे सलूनवाले त्यात कधी कमी पडले नाहीत. सकाळी दुकान उघडलं, की आधी समोर किती डोकी बसलीत ते आरशात मोजायचं, मगच स्वतःच्या गिऱ्हाइकाला टॉवेल.

अडचण एकच. स्वतःच्या मानेवरचे केस स्वतःला कापता येत नाहीत, आणि गावात सलूनं दोनच. म्हणून यांचे केस बायको कापायची, भाजी चिरावी तसे. माणूस पुढून राजबिंडा, मागून उंदराने कुरतडलेला. तिकडे साडूचे केस तिची धाकटी बहीण कापायची, त्यामुळे शत्रूची मानही तशीच. दोन्ही माना ताठ मात्र होत्या.

मग यांच्या मुलीचं लग्न ठरलं.

"बाबा, ही मान घेऊन मांडवात उभे राहणार? वडील काय करतात असं सासरच्यांनी विचारलं, तर काय सांगू?"

त्यांनी बायकोपुढे कात्री धरली.

"मी नाही कापणार आता," ती म्हणाली. "धाकटीनेही कालपासून सोडलं."

"तुम्ही दोघी बोलता?"

"रोज. तुमचं वैर चालवायचं, तर इकडच्या बातम्या तिकडे कोण पोचवणार?"

लग्नाला दोन दिवस उरले, तेव्हा ते रस्ता ओलांडून गेले. साडूने खुर्ची झटकली.

"मान खाली घे."

"तुझ्यापुढे?"

"मग काय, मी छतावर चढून कापू?"

मान एकोणीस वर्षांनी वाकली. अर्ध्या तासाने खुर्चीत साडू बसला होता आणि कात्री यांच्या हातात होती. दोघांनीही एकमेकांच्या कानाला धक्का लावला नाही, आणि ही संधी गमावल्याचं दुःख दोघांच्याही चेहऱ्यावर होतं.

लग्नात साडू बरोबर यांच्या मागे उभा राहिला. सगळे नवरानवरीकडे बघत होते, हा स्वतःचं काम न्याहाळत होता. व्याह्यांनी कौतुकाने विचारलंच, "केस कुणी कापले हो? छान कापलेत."

"आहे एक," आमचे सलूनवाले मागे न बघता, पण मागे ऐकू जाईल असं म्हणाले. "हात जरा जड आहे त्याचा."