शेणव्याचा रोबो

समीक्षा विशे नववीत असताना, २००६ साली, शहापूरच्या विज्ञान प्रदर्शनातून एकच रोबो पुण्याच्या शिबिराला जायचा होता. शेणवे गावच्या शाळेतल्या तिच्या गटाचा रोबो भिंतीला टेकला की आपसूक वळायचा. परीक्षकांनी तो कौतुकाने पाहिला आणि मग शाळेचं नाव वाचलं. याच शाळेने मागे एकदा दुकानातून आणलेला रोबो स्वतःचा म्हणून मांडला होता. तालुका ते विसरला नव्हता.

"हा कुठून आणला गो?"

"आमीच केलाय, सर."

"तेव्हाही असंच म्हणाले होते."

समीक्षाने स्क्रूड्रायव्हर घेऊन अख्खा रोबो टेबलावर सुटा करून दाखवला. परीक्षकांची खात्री पटली.

"शाबास! आता चालवून दाखव."

जोडताना तार तुटली, ती काही जुळेना.

शेजारी शहरातल्या नावाजलेल्या शाळेचा रोबो सकाळपासून जागचा हलला नव्हता.

"यांचा चालतो," परीक्षक म्हणाले. "दरवर्षी बघतो ना आपण."

पुण्याला तोच गेला.

"खोललास कशाला गो?" गटातला संदेश चिडला.

समीक्षाला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही.

"पटलं ना त्यांना, आपलाच हाय ते," ती म्हणाली आणि चाकं डब्यात भरू लागली.