चौतीस वर्षं आणि पाण्याची एक बाटली

तिसऱ्या दिवशी दुपारी विशालाक्षीच्या पायांनी संपच पुकारला. चेन्नईजवळच्या तांबरमच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत, उभ्या-उभ्या चौतीस वर्षं काढलेली ही बाई; पण सभागृहातल्या रोबोस्पर्धेचे तीन दिवस त्या चौतिसांना भारी पडले. पस्तीस संघ, प्रत्येकाची एक पेटी, आणि पेटीत काय नाही? झटक्यात चिकटणारा गोंद, रंगाचे फवारे, साखळीचं तेल, चाकं पुसायचं स्पिरिट. सकाळी सगळं तिच्या टेबलावर जमा व्हायचं. तिनं नाव लिहून चिठ्ठी डकवायची, मागतील तेव्हा मोजकं द्यायचं, उरलेलं परत घ्यायचं. चूक झाली की संघाला पिवळं कार्ड. दोन कार्डं झाली की संघ बाहेर.

“चष्मा कुठाय गे?” गोंद मागायला आलेल्या मुलीला ती विचारायची.

“अम्मा, दोनच थेंब लावायचेत!”

“डोळेही दोनच आहेत, कण्णा. घाल.”

तिला सगळी मुलं कण्णा, म्हणजे बाळ; आणि मुलं तिला पाठीमागं चष्मा-अम्मा म्हणत. तिला ठाऊक होतं. रागावायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते आता महिन्याभराचंच उरलं होतं. पुढच्या महिन्यात निवृत्ती. आज संध्याकाळी बक्षीससमारंभात प्राचार्य तिला शाल घालणार होते. मानपत्रावर एकच ओळ होती: चौतीस वर्षं, एकही अपघात नाही. ती ओळ ऐकायला तिची मुलगी ऊर्मी सिरुसेरीच्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून येणार होती.

ही ओळ फुकट मिळालेली नव्हती. ही नोकरी लागण्याआधी, तंजावरला शिकत असताना, तिच्या कॉलेजातल्या एका शिपायानं टेबलावरची सोड्याची बाटली तोंडाला लावली. आत सोडा नव्हता. माणूस वाचला, पण त्याचा आवाज कायमचा गेला. दोघांच्या मराठी आळीत भजनाला तो सगळ्यांच्या पुढं उभा राहायचा. त्या दिवसापासून विशालाक्षीनं खाण्यापिण्याच्या बाटलीत दुसरं काही भरू दिलं नाही. प्राध्यापकांनाही नाही. एका विभागप्रमुखाच्या टेबलावरची हॉर्लिक्सची बरणी तिनं त्यांच्या देखत रिकामी केली होती.

आणि आज सकाळी तिनंच ते करू दिलं.

कांचीपुरमच्या चार मुलींचा संघ होता. त्यांची नायिका नंदिता, शिडशिडीत, बोलायला घाबरणारी. त्यांना पहिल्या दिवशीच एक कार्ड मिळालं होतं, बॅटरी चार्जिंगला लावून जेवायला गेल्या म्हणून. नंदिता स्पिरिट मागायला आली. स्पिरिटच्या डब्याची तोटी मोडलेली, डबा तसाच देता येईना. स्पिरिटसाठीची बाटली कोठीत होती, आणि कोठी जिना उतरून खाली. विशालाक्षीनं आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. मुलीच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती.

“त्यातच घे थोडं. पुसून झालं की लगेच आण हो.”

एवढंच. चिठ्ठी डकवायची राहिली. मागं सात जण रांगेत होते.

उपांत्य फेरीआधी सगळे संघ आपापल्या रोबोची पूजा करत. आपल्याकडं नवी सायकलसुद्धा लिंबू चिरडल्याशिवाय रस्त्यावर येत नाही; तिथं रोबो कसा सुटेल? बंदी घातली असती तर निम्मे संघ आलेच नसते, म्हणून आयोजकांनी दाराबाहेर व्हरांड्यात खडूनं चौकोन आखून दिला होता. कापूर तिथंच पेटवायचा, आत नाही.

विशालाक्षी चहा घ्यायला म्हणून दारापर्यंत आली, तर चौकोनात कांचीपुरमच्या मुली. रोबोच्या कपाळाला कुंकू, चाकांखाली लिंबं, स्टीलच्या ताटलीत कापूर पेटलेला. आरतीच्या आधी भोवती पाणी फिरवायची रीत. त्यांतली एक, जिला बाटलीचं काही माहीत नव्हतं, तिनं शेजारची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि उजव्या तळव्यावर पाणी घ्यायला ती तिरपी केली.

विशालाक्षी धावली. गुडघे होते की नव्हते तिला आठवत नाही. तिनं मुलीला मनगट धरून बाहेर ओढलं. बाटली विशालाक्षीच्याच साडीवर सांडली. ताटली तिनं पायानं लांब ढकलली. “कुणी पुढं येऊ नका! उजेडात या स्पिरिटची ज्वाळा दिसत नाही!” व्हरांडाभर तो आवाज गेला. कापूर दूर जाऊन एकटाच जळत राहिला. कुणाला काही झालं नाही. मुलगी मात्र लाकडासारखी उभी राहिली.

मुख्य पंच संजीव धावत आला. नाशिकचा, ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात नोकरीला, सुट्टी काढून पंच झालेला. त्यानं बाटली हुंगली.

“ही पाण्याची बाटली. वर चिठ्ठी नाही. यात स्पिरिट कुणी भरलं?”

नंदिता पुढं आली. “मी, सर.”

“नियम माहीत होता?”

“हो, सर.”

त्यानं खिशातून पिवळं कार्ड काढलं. दुसरं. मागच्या तिघींपैकी एक रडायलाच लागली. नंदिता खाली बघत राहिली. विशालाक्षीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. संघ बाद होत असतानाही तिनं परवानगी कुणाची ते सांगितलं नाही, हे विशालाक्षीच्या ध्यानात आलं, आणि तेच तिला सोसवेना. नाटकात असं घडतं तेव्हा मोठं भाषण असतं. इथं तिच्या तोंडून निघालं ते एवढंच:

“थांब बा. बाटली मी भरू दिली.”

“काकू, तुम्ही?” संजीवनं आवाज खाली आणला. “अहो, आज तुमचा सत्कार आहे. राहू द्या ना. पोरींनी कबूल केलंय.”

“तिनं खोटं नाही सांगितलं. पुरतं नाही सांगितलं. डब्याची तोटी मोडली होती. जिना उतरायचा मला कंटाळा आला. परवानगी माझी, चिठ्ठीही माझीच राहिली. कार्ड कुणाला द्यायचं ते आता तू बघ.”

“मग मला नोंद करावी लागेल. तुमच्या नावानं.”

“कर की. त्याचसाठी वही आहे.”

संजीवनं कार्ड खिशात परत ठेवलं. नंदिता काहीतरी बोलायला गेली. “आधी हात धुवा सगळ्या,” विशालाक्षी म्हणाली, “साबण लावून. मग खेळा.”

त्या खेळल्या आणि हरल्या. दीड मिनिटात रोबोचं चाक निघालं. तिला ते टेबलावर बसल्या-बसल्या लाउडस्पीकरवर कळलं.

संध्याकाळी प्राचार्यांनी शाल घातली. दुपारची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती; मानपत्र मात्र वाचलं नाही, नुसतं हातात दिलं. ती ओळ तशीच छापलेली होती. ऊर्मी पहिल्या रांगेत बसून फोटो काढत होती. समारंभ संपल्यावर संजीव नोंदवही घेऊन आला.

“इथं सही, काकू. कारणाच्या रकान्यात मी ‘थकवा’ लिहिलंय.”

विशालाक्षीनं चष्मा लावून वाचलं.

“थकलेले सगळेच होते रे. ते खोड आणि लिही: बाटली बदलली नाही.”

त्यानं खोडलं, लिहिलं. तिनं सही केली, मानपत्र ऊर्मीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “यातल्या एका ओळीचं काय झालं ते घरी जाऊन तुला सांगते. आत्ता मला जरा बसू दे.”