धोंडिराम काकांची चोरटी प्रॅक्टिस

दिशा गमरे मुंबईतल्या चारकोपची. गुडघा दुखावला आणि तिचं खो-खो सुटलं, पण खेळ काही सुटला नाही. ती क्रीडाशास्त्रज्ञ झाली. चालताना माणसाचं डोकं कसं चालतं, हा तिचा अभ्यास. वयस्कर माणसांना ती शंभरातून तीन-तीन वजा करत चालायला लावायची. बहुतेकांचे पाय आकड्यापाशी अडायचे.

मग तिने दोन गट केले. एक गट रोज नुसता चालायचा. दुसरा गट रंगाचं नाव ऐकून त्या रंगाच्या चौकोनावर पाय टाकायचा. तीन महिन्यांनी पुन्हा तीच वजाबाकीची चाचणी घेतली, तेव्हा नुसत्या चालणाऱ्या गटातले धोंडिराम काका भराभर आकडे सांगत, कुठेही न अडता चालले.

"काका, हे कसं जमलं?"

"त्या गटाचं बघून घरी रंगीत खडूने चौकोन काढले गं. बायको रंग ओरडते, मी पाय टाकतो. चुकलं का?"

"चुकलं ना! तुम्ही नुसतं चालायचं होतं, तरच दोन गटांची तुलना झाली असती. आता तुमची नोंद मला अभ्यासात धरता येणार नाही."

काकांचा चेहरा पडला. दिशाला मात्र हसू आवरेना. तिने त्यांचं नाव अभ्यासातून काढलं आणि रविवारी त्यांच्याच सोसायटीच्या आवारात चौकोन आखले. पहिल्याच दिवशी अकरा जण आले. रंग ओरडायला काकू उभ्या राहिल्या.